आधी पायाखाली बघा

नाशिकमध्ये नृत्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींत एक मत आता जवळजवळ पक्कं झालं आहे. ऑनलाइन क्लास ही २०२० सालची नाइलाजाची सोय होती, नाइलाज संपला, आता तिचं नावही काढू नये. पालकांचंही बहुतेक हेच म्हणणं असतं. ‘फोनवर कुठे नाच येतो का? नाच गुरूसमोर उभं राहून शिकायचा असतो.’ एवढं बोललं की विषय मिटतो. तो असा मिटू नये, असं मला मनापासून वाटतं. कारण तो मिटल्यामुळे ज्यांचं नुकसान होतं, त्या मुली आणि बायका ही चर्चा चालू असताना तिथे नसतातच.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या पुराव्यावर हा निकाल दिला गेला तो पुरावाच कच्चा आहे. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देश बंद झाला आणि आठवड्याभरात आमचे क्लास फोनवर आले. तेव्हाची घरं आठवा. फोन डब्याला टेकवून ओट्यावर किंवा टीपॉयवर ठेवलेला. मुलीच्या पाठीमागे गॅलरीचं दार सताड उघडं, त्यामुळे ती आम्हाला नुसती काळी आकृती दिसायची. फोन खाली असला तर गुडघ्यापासून वर काही दिसत नसे, वर असला तर पाय गायब. पायाखाली गुळगुळीत टाइल. डोक्यावर पंखा गरगरतोय, शेजारच्या खोलीत बाबांची मीटिंग चालू आहे आणि ठेका त्याच फोनवर लावलेला, ज्यावरून ती आमच्याशी बोलतेय. अशा खोलीत समोर प्रत्यक्ष गुरू उभे असते तरी कथक शिकता आलं नसतं. आम्ही त्या खोलीची परीक्षा घेतली आणि नापास मात्र माध्यमाला केलं.

आता लयीच्या मुद्द्याकडे येते. विरोधकांचा हा सर्वांत जड मुद्दा आहे आणि त्यात तथ्यही आहे. ‘फोनवर लय पोचत नाही, मुलगी समेवर येतच नाही.’ बरोबर आहे, येत नाही. पण का येत नाही, ते एकदा हिशेब मांडून बघू. क्लासमध्ये मुलगी माझ्यापासून दहा फुटांवर असते. माझ्या टाळीचा आवाज तिच्यापर्यंत जायला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग लागतो, म्हणजे तो तिथल्या तिथेच पोचतो. व्हिडिओ कॉलवर हाच आवाज जायला साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागू शकतो आणि तिच्या पायाचा आवाज परत यायला पुन्हा तेवढाच. तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. दुगुनीत एक बोल पाव सेकंदाचा, चौगुनीत सेकंदाच्या आठव्या भागाचा. म्हणजे मी इकडे टाळी देत राहिले आणि मुलगी अगदी अचूक नाचली, तरी चौगुनीत ती मला तीन-चार बोल मागे दिसणार. मग मी म्हणणार, ‘अगं, मागे पडतेयस, पुढे ये.’ ती बिचारी पुढे यायला धावणार आणि बरोबर असलेली लय बिघडवून घेणार. २०२० मध्ये आम्ही कितीतरी मुलींना असं विनाकारण धावायला लावलं.

यावरचा उपाय साधा आहे, पण तो करायचा तर गुरूला एक जुनी सवय सोडावी लागते. आपण टाळी द्यायची नाही. ठेका किंवा लेहरा मुलीच्या घरात वाजला पाहिजे. दुसऱ्या जुन्या फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर तो लावायचा आणि तो तिच्याजवळ ठेवायचा. मग ठेका आणि तिचे पाय दोन्ही एकाच खोलीतून, एकाच वेळी निघतात आणि माझ्याकडे दोन्ही सारखेच उशिरा पोचतात. त्यांच्यातलं नातं बिघडत नाही. मुलगी समेवर आली की नाही हे मला इकडे स्वच्छ कळतं. मुलगी नाचत असताना मी गप्प बसते आणि तोडा संपला की बोलते. गप्प बसणं आम्हा शिक्षकांना जड जातं, हे खरं आहे.

आणखी एक अडचण आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. हे कॉल माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेले असतात. बोलण्याव्यतिरिक्त जे काही ऐकू येईल ते गोंगाट समजून दाबायचं, असं त्यांना शिकवलेलं असतं. त्यांच्या हिशेबी घुंगरू हा गोंगाट आणि तबला हाही गोंगाटच. मुलगी ‘ता थेई थेई तत्’ करते आणि मला पहिला ‘ता’ धडकन ऐकू येतो, पुढचे दोन ‘थेई’ कापसात गुंडाळल्यासारखे येतात आणि ‘तत्’ येतच नाही. गुरूला वाटतं मुलगी डावा पाय चोरतेय. प्रत्यक्षात तो पाय यंत्राने खाल्लेला असतो. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय आहे. ती चालू केली की ही छाटणी थांबते आणि चारही बोल सारख्या वजनाने ऐकू येतात. पंखा बंद ठेवला की आवाज आणखी मोकळा येतो. मुलीच्या बाजूने करायचं हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे. जे गुरू ‘ऑनलाइनवर पायाचं काम कळत नाही’ असं सांगतात, त्यांना माझा नम्र प्रश्न आहे, आपल्या विद्यार्थिनीच्या फोनवर ही सोय चालू होती का?

यावर लगेच उत्तर येतं, ‘मशीनच्या ठेक्यावर नाचून मुली यांत्रिक होतात, जिवंत तबल्याची सर त्याला नाही.’ जिवंत तबल्याची सर कशालाच नाही, हे मीही मानते. पण आपल्या शहरातल्या किती क्लासांत रोजच्या तालमीला तबलजी बसतो? बहुतेक ठिकाणी लेहरा फोनवरूनच वाजतो आणि तबलजी येतो तो परीक्षेला आणि कार्यक्रमाच्या आधी चार-आठ दिवस. क्लासमध्ये चालणारा लेहरा मुलीच्या घरी गेला की वाईट होतो, हा न्याय मला समजत नाही.

आता परंपरेची साक्ष. ‘ही गुरुमुखी विद्या आहे, ती गुरूच्या घरीच मिळते,’ हे वाक्य नाशिकमध्ये उच्चारताना तरी आपण जरा थांबायला हवं. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात याच गावात रामनाम आधाराश्रम चालवला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, १९२१ साली इथेच जन्मले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू करून विष्णू दिगंबरांनी काय केलं? गुरूच्या घरातली विद्या बाहेर काढली. तिला वेळापत्रक, वर्ग, अभ्यासक्रम आणि स्वरलिपीत छापलेली पुस्तकं दिली. कागदावर गाणं उतरत नाही, ही शंका तेव्हाही होतीच. पुढे १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी मंडळ उभं केलं. त्याच मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षांना आज आपण सगळे मुली बसवतो. परीक्षेचे फॉर्म भरताना आपल्याला परंपरा आडवी येत नाही. सुरगाण्याच्या मुलीला फोनवरून शिकवायची वेळ आली की मग ती नेमकी कशी आठवते?

पुण्याच्या रोहिणीताई भाटे यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९४७ साली त्यांनी नृत्यभारती काढली आणि महाराष्ट्रात कथक घरोघरी पोचवण्यात त्यांच्याएवढा वाटा क्वचितच कुणाचा असेल. त्या लच्छू महाराजांकडे शिकल्या, मोहनराव कल्याणपूरकरांकडे शिकल्या. कल्याणपूरकर लखनऊला भातखंडे संगीत महाविद्यालयात शिकवत. रोहिणीताई पुण्याच्या आणि गुरू परगावचे. सहवास मिळेल तेव्हा घ्यायचा, मिळालेलं घरी आणून घोटायचं, अडलेलं पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायचं, अशीच त्या काळी अनेकांची तालीम होत असे. तेव्हा दोन भेटींच्या मध्ये काहीच नसायचं. आज तिथे आठवड्यातून दोनदा गुरूची नजर पोचवता येते. ही नजर परंपरेच्या विरुद्ध कशी जाते?

खरा प्रश्न जागेचा आहे आणि त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे आमचे विरोधक आणि मी एकाच बाजूला उभे राहायला हवे होतो.

कथकच्या मुलीला सर्वांत आधी काय हवं, असं मला विचारलं तर मी जमीन असं सांगेन. आपल्या आजच्या फ्लॅटमध्ये सिमेंटच्या स्लॅबवर टाइल बसवलेली असते. त्यावर पाय मारला की स्लॅब काही सोसत नाही, सगळा मार नडगी, टाच आणि गुडघा सोसतात. तत्कार म्हणजे एका बैठकीत शेकड्यांनी, कधी हजारांनी पदाघात. मुलगी महिन्याभराने म्हणते नडगी दुखतेय, आई म्हणते उंची वाढतेय म्हणून दुखत असेल. योगा मॅट हा त्यावरचा उपाय नाही, उलट ती जास्त धोक्याची आहे. मॅटवर पाऊल चिकटतं, चक्कर घेताना शरीर फिरतं आणि पाय मागे राहतो, तो पीळ गुडघ्यात बसतो. गालिचाही नको, त्यात आवाज मरतो आणि मुलगी आवाज काढायला दुप्पट जोराने पाय आपटते.

उपाय सुताराकडे आहे. प्लायवूडची शीट आठ बाय चार फुटांची येते. १८ किंवा १९ मिलिमीटर जाडीची घ्यायची, पण तिचं वजन पस्तीस किलोच्या आसपास भरतं, म्हणून दुकानातच मधोमध कापून चार बाय चारचे दोन तुकडे करून घ्यायचे. कडा पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या, वर सनमायका लावायचा नाही, तो घसरतो. खाली जिममध्ये वापरतात तशी रबराची मॅट घालायची. तत्काराला आणि जागेवरच्या चक्करांना एक तुकडा पुरतो. गतनिकासाला दोन्ही जोडायचे आणि जोडावर रुंद चिकटपट्टी मारायची, म्हणजे अंगठा अडकत नाही. क्लास संपला की दोन्ही तुकडे कपाटामागे उभे. पावसाळ्यात मात्र ते भिंतीला टेकवून ठेवू नयेत, ओल धरतात आणि फुगतात. त्या रबरामुळे खालच्या मजल्यावरच्यांनाही दिलासा मिळतो, कारण त्यांच्याकडे जो दणका जातो तो हवेतून जात नाही, स्लॅबमधून जातो. रबर तो बराच शोषून घेतं. तरी दुपारी दोन ते चार तत्कार करू नये आणि सुरुवात करायच्या आधी आईने खाली जाऊन काकूंना एकदा सांगून यावं. एवढं केलं की भांडणं होत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आणि ज्यांचा आक्षेप घरच्या फरशीला आहे, त्यांनी आपल्या क्लासची फरशीही एकदा तपासावी. गंगापूर रोड असो की इंदिरानगर, बंगल्यांच्या तळमजल्यावर आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये आपण जे क्लास चालवतो, तिथेही बहुतेक ठिकाणी सिमेंटवर टाइलच आहे. लाकडी रंगमंच मुलींना भेटतो तो वर्षातून एकदा, कालिदास कलामंदिरात. चांगल्या प्लायवर घरी नाचणारी मुलगी या बाबतीत आपल्या क्लासच्या मुलीपेक्षा सुदैवी आहे.

कॅमेऱ्याला लागणारी जागा लोकांना वाटते तेवढी नाही. मुलीने हात वर केल्यावर साधारण सात फूट उंची दिसायला हवी. फोन आडवा ठेवला तर त्यासाठी आठेक फूट अंतर लागतं. उभा ठेवला तर पाच-सहा फुटांत काम होतं. सिडकोतल्या छोट्या घरात हा फरक निर्णायक ठरतो. फोन कमरेच्या उंचीवर आणि सरळ, तिरका नको. खिडकी मुलीच्या समोर, पाठीमागे कधीच नको. सलवार घोट्यापर्यंत चुडीदार, कारण पलाझोत पाय लपतात आणि मग ऑनलाइनला दोष लागतो.

यापलीकडे काही विकत घ्यायची गरज नाही. गोल दिवे, दोन-दोन कॅमेरे, भिंतभर आरसा, ‘घरचा स्टुडिओ’ म्हणून जे खपवलं जातं, ते नाचाच्या कामाचं नाही. आरसा तर सुरुवातीला नकोच. मुलगी स्वतःकडे बघत बसते आणि अंगाने लय धरायची राहून जाते.

आता ‘घरात जागाच नाही’ या वाक्याबद्दल. काही घरांत ती खरोखर नसते. एका खोलीत पाच माणसं राहतात, एकच फोन असतो आणि तो घेऊन वडील सकाळी सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात निघून जातात. दिवसाला दीड-दोन जीबीचा रिचार्ज, त्यात तासभर व्हिडिओला जवळजवळ एक जीबी जातो. अशा मुलीसाठी क्लासने आपलं दार उघडं ठेवलं पाहिजे, तिला ऑनलाइनच्या भरवशावर सोडू नये. पण मी ज्या घरांबद्दल बोलतेय तिथे तीन आसनी सोफा असतो, त्याच्यासमोर काचेचा टीपॉय असतो, बावन्न इंची टीव्ही असतो, आणि चार बाय चार फूट मात्र निघत नाही. मुलाच्या अभ्यासाचं टेबल हलत नाही, कारण त्याचं दहावीचं वर्ष आहे. मुलीचा रियाज पाहुणे आले की थांबतो, मालिका सुरू झाली की थांबतो, आजोबांची झोप झाली नाही म्हणून थांबतो. क्लासला पाठवलं की हे सगळं दिसत नाही, फी भरली की जबाबदारी संपते. ऑनलाइनने ते उघड्यावर आणलं. रोज एक तास ही जागा तिची, हे घराला ठरवावं लागलं. मला विचाराल तर ऑनलाइनवर पालकांचा जो राग आहे, त्यातला बराचसा यातून आलेला आहे. आणि हा प्रश्न प्रत्यक्ष क्लासला जाणाऱ्या मुलीचाही आहेच. आठवड्यातून दोन तास गुरूसमोर नाचून कुणी नर्तकी होत नाही. उरलेले दिवस तिने कुठे नाचायचं?

स्पर्शाचा आक्षेप मी पूर्ण मान्य करते. कोपर उतरलेलं असतं, खांदा चढलेला असतो, तिथे हात लावून जे एका क्षणात समजतं ते सांगून समजायला वेळ लागतो. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलीला मी ऑनलाइन सुरुवात करून देत नाही. तिला डावं-उजवं धड कळत नसतं, त्यात पडद्यावर माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला दिसतो. चक्कर पहिल्यांदा शिकवायचे ते समोरच शिकवायचे. समूहनृत्य फोनवर बसवता येत नाही, कुणी प्रयत्नही करू नये. या मर्यादा आहेत आणि त्या राहणार.

पण पढंत? हातावर ताल धरून बोल म्हणायचे, ते एकटीने म्हणायचे असतात, तिथे विलंब आडवा येत नाही. आणि अभिनय? वीस जणींच्या बॅचमध्ये तिसऱ्या रांगेतल्या मुलीचे डोळे मला वर्ष-वर्ष दिसत नाहीत. फोनजवळ बसवून तिला नुसती नजर आणि भुवई करायला सांगितली की तिचा अख्खा चेहरा माझ्यासमोर असतो. ती लाजत असते हे दिसतं, खोटं हसतेय हेही दिसतं. भावाचं काम मी आता क्लासच्या मुलींचंही मुद्दाम फोनवर घेते.

मग कुणासाठी हे सगळं? सुरगाणा नाशिकपासून सुमारे नव्वद किलोमीटर. येवला ऐंशीच्या वर. तिथल्या मुलीने एसटीने यायचं, तासभर शिकायचं आणि रात्री परत जायचं, हे कोणते आईवडील करतील? दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ते शहरातल्या मुलींनीच घ्यायचे का? आणि ज्यांचं विशारद लग्नामुळे अर्धवट राहिलं, त्या बायका? चाळिशीच्या आसपासची स्त्री संध्याकाळी सहा वाजता घर सोडून लहान मुलींच्या बॅचमध्ये उभी राहायला येत नाही, तिला संकोच वाटतो आणि संध्याकाळी तिला घरातून सवडही नसते. दुपारी तीन वाजता मात्र ती दार लावून घेते, ओढणी कमरेला बांधते आणि वीस वर्षांपूर्वीचा तुकडा म्हणून बघते. बोल आठवतात, पाय आठवत नाहीत. मग पाय हळूहळू परत येतात. खालच्या मजल्यासाठी तीन वाजता फक्त पढंत आणि हस्तक, तत्कार चारनंतर, एवढं आम्ही ठरवून घेतलं आहे. अशा स्त्रीला ‘तुमचं खरं शिक्षण नाही’ असं सांगायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

बाहेरगावच्या मुलींना महिन्यातला एक रविवार समोर बोलवावं. सकाळी दहा ते चार, तबलजीला बसवून. स्पर्शाची, चक्करांची, समूहातल्या अंतराची सगळी कामं त्या दिवशी उरकावीत आणि उरलेला महिना पाठ फोनवर चालवावा. मी हे करते आहे. शहरातल्या चार-पाच क्लासांनी मिळून एक हॉल आणि एक तबलजी वाटून घेतला तर खर्चही पेलवेल. माझं वेळापत्रक, प्लायचं माप आणि फोनची मांडणी मी कुणालाही द्यायला तयार आहे. कुणाला हवं असेल त्यांनी येऊन एखादा रविवार बसून बघावा.